मामाचा याशिका आणि फसवी चादर

काच आणि काळोख : वाचकांचे प्रश्न, जुन्या स्टुडिओवाल्याची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडं राहते, वय चोवीस. घरी तेलुगू, शाळा मराठी, त्यामुळं लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. माझे मामा दिवाळीआधी गेले. त्यांच्या लोखंडी कपाटात एक कॅमेरा निघाला, याशिका इलेक्ट्रो ३५, पुढं जीएसएन अशी अक्षरं. मामी म्हणाली, तुलाच फोटोचं वेड, तू ने. आत जुना सेल हिरवा पडलेला होता, तो काढून सहा व्होल्टचा नवा बारका सेल घातला. दोनशे वेगाचा रंगीत रोल आठवडाभरात संपवला आणि पुण्याला धुवायला पाठवला. भुईकोट किल्ल्यातले आणि तळ्याकाठचे नऊ-दहा फोटो इतके सुंदर आले की मी मोबाइल बाजूला ठेवला. तिथं अ‍ॅपर्चर (भिंगाचं भोक) ८ वर होतं. घरात १.७ वर काढलेले मात्र जवळजवळ सगळे काळे. अम्मा पहाटे चादर पांघरून अंगणात बसलेली, तिच्यावर मी नीट फोकस केला होता, खिडकीतल्या ठिपक्यात दोन्ही चित्रं एक झालेली डोळ्यांनी बघितली, तरी अम्मा धूसर आणि मागची भिंत एकदम स्पष्ट! तीन-चार फोटोंत डोकी कापली गेली. काही फ्रेमच्या कडेला नारिंगी पट्टा आहे. मागचं बटण दाबलं की हिरवा दिवा कधी लागतो, कधी नाही. एका दुरुस्तीवाल्याला दाखवला तर म्हणाले, शोकेसमध्ये ठेवा. कॅमेरा बिघडलाय की मलाच येत नाही? मला संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत न्यायचाय, आणि मामा ज्या साच्यावर (यंत्रमागावर) काम करायचे तिथंही.

उत्तर : चोवीस वय लिहिलंयस म्हणून अगंतुगं करतो, राग मानू नकोस. शोकेसमध्ये अजिबात ठेवू नकोस. माझ्या मते थोडं कॅमेऱ्याचं दुखणं आहे आणि थोडं तुझं. पत्र इतकं नीट लिहिलंयस की कुठलं कुणाचं ते इथं बसून सांगता येतंय.

आधी काळे फोटो. उन्हातले छान आणि घरातले काळे, हे वाचल्यावर मी हसलोच. या कॅमेऱ्याचं शटर विजेवर चालतं. तू अ‍ॅपर्चर लावायचं (आकडा जितका लहान तितकं भोक मोठं) आणि वेळ त्यानं ठरवायची, सेकंदाच्या ५०० व्या हिश्शापासून थेट ३० सेकंदांपर्यंत. पण वीज मिळाली नाही तर तो बंद पडत नाही. मुकाट्यानं प्रत्येक फोटो ५०० व्या हिश्श्यालाच काढतो. आता हिशेब बघ. दोनशेचा रोल आणि लख्ख ऊन असलं की अ‍ॅपर्चर १६ ला साधारण २०० वा हिस्सा लागतो. तेच अ‍ॅपर्चर ८ वर आणलंस तर ८०० वा. तुझ्या कॅमेऱ्यानं ५०० वा दिला, म्हणजे उजेड थोडा जास्तच गेला, आणि रंगीत निगेटिव्ह तेवढं सहज पोटात घालते. म्हणजे किल्ल्यातले फोटो कॅमेऱ्याच्या मेंदूनं काढलेलेच नसतील. सोलापूरच्या उन्हानं सेलचं बिंग झाकलं. घरात ऊन नव्हतं, तिथं उघडं पडलं.

हिरवा दिवा कधी लागतो, कधी नाही, याचं कारणही तेच. या कॅमेऱ्यासाठी मुळात ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. तू घातलेला सहा व्होल्टचा सेल चालतो, त्या ०.४ नं फरक पडत नाही, पण तो अंगानं बारीक आणि उंचीनं बुटका असतो. खोक्यात खुळखुळतो. जाड कागदाची सुरळी करून त्यात सेल बसव आणि उरलेल्या जागेत बॉलपेनातली स्प्रिंग दोन पदरी करून घाल. त्याआधी जुन्या सेलनं जिथं हिरवं केलंय ते टोक व्हिनेगरमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या काडीच्या कापसानं पुस, मग स्पिरिटनं, मग दोन तास उघडं ठेव. व्हिनेगर आत ओघळू द्यायचं नाही.

एवढं झालं की परीक्षा घे. रोल नसताना मागचं झाकण उघड, कॅमेरा ट्यूबलाइटकडं रोखून बटण दाब. शटर झटकन मिटेल. मग अंधाऱ्या कपाटाकडं रोखून दाब. आता भिंगातलं भोक उघडंच राहिलं पाहिजे, सेकंद, दोन सेकंद, कधी त्याहून जास्त. दोन्हीकडं सारखाच टिच आवाज आला तर वीज अजून पोहोचत नाही. किंवा आतली एक रबराची चकती गेलीय. ही चकती या इलेक्ट्रो घराण्याचं खानदानी दुखणं. रोल पुढं सरकवायचा खटका ओढताना आतून खट्ट असा एक जड आवाज यायला हवा. तो येत नसेल तर चकतीचा भुगा झाला समज आणि कॅमेरा उघडणाऱ्या माणसाकडं दे. ते घरी करण्यासारखं काम नव्हे. शोकेसचा सल्ला देणाऱ्याकडंही नेऊ नकोस.

आता अम्माचा फोटो. पत्रातला सगळ्यात आवडता भाग हाच, कारण इथं कॅमेरा निर्दोष आहे आणि तूही जवळजवळ निर्दोष आहेस. गुन्हेगार चादर आहे.

अंगठा डोळ्यांसमोर धर आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिट. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडं उडी मारतो. जवळ आणलास तर मोठी उडी, लांब नेलास तर छोटी. रेंजफाइंडर म्हणजे एवढंच. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या आहेत, एकीतून तू बघतेस, दुसरीतलं चित्र आरशावरून येऊन मधल्या पिवळसर ठिपक्यात पडतं. रिंग फिरवलीस की ते दुसरं चित्र आडवं सरकतं. दोन्ही जुळली की अंतर लागलं. लायकानं १९३२ साली ही युक्ती फोकसच्या रिंगेला जोडून कॅमेऱ्याच्या पोटातच बसवली. तुझा जीएसएन १९७३ चा, पण तत्त्व तेच.

आता त्या ठिपक्यात आपली सोलापुरी चादर आली की काय होतं? बोटभर अंतरावर एकसारखे पट्टे, एकसारखी नक्षी. तू रिंग फिरवलीस आणि पहिला पट्टा पहिल्यावर बसायच्या ऐवजी शेजारच्यावर बसला. ठिपक्यात सगळं जुळलेलं दिसलं, कारण पट्टा पट्ट्यासारखाच. अम्मा दीड मीटरवर होती आणि भिंग तीन मीटरवर लागलं. म्हणून भिंत स्पष्ट. विटांची भिंत, खिडकीचे गज, साच्यावरचा ताणा, सगळीकडं हाच धोका. आणि बरोबर याच्या उलटही होतं. आडवी रेघ असली, पायरीची कड, दोरी, तर जुळलं की नाही ते कळतच नाही, कारण चित्र आडवंच सरकतं. तेव्हा कॅमेरा उभा धरून फोकस करायचा आणि परत आडवा करून फोटो घ्यायचा.

माणसावर फोकस करताना कपड्यावर कधी जाऊ नकोस. अम्मा चमकी घालत असेल तर नाकातल्या चमकीवर जा, नाहीतर कुंकवाच्या कडेवर, डोळ्याच्या कोपऱ्यावर. जे चेहऱ्यावर एकदाच असतं त्यावर. १.७ वर एका मीटरवरच्या माणसाचा जेमतेम पाच सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो, म्हणजे डोळा धरला तर कान सुटला. पहाटे अंगणात तू १.७ लावलं असणार. २.८ केलं असतंस तरी थोडी माफी मिळाली असती.

आणि एक सवय लाव, हे मला फोटो शिकवणाऱ्या मास्तरांनी लावलेलं. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी अंतर तोंडानं बोलायचं. ‘दीड मीटर.’ ‘तीन मीटर.’ मग फोकस करायचा आणि रिंगेवरचा आकडा बघायचा. तू दीड म्हणालीस आणि रिंग तीन दाखवते, तर दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. मोजायला घरचीच चादर घे, आमची एकेरी सव्वादोन मीटर भरते. तिच्या टोकाला अम्माला बसव, दुसऱ्या टोकाला तू बस. आठवडाभरात नजर बसते. मास्तर आम्हाला नवी पेठेत चहाच्या टपरीवर बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांची अंतरं विचारायचे, चुकला त्यानं चहाचे पैसे द्यायचे. मी वर्षभर पुष्कळांना चहा पाजला.

लांबचं तपासायचं असेल तर अनंताच्या खुणेवर रिंग लाव आणि खूप दूरची उभी वस्तू बघ. दोन्ही चित्रं जुळायला हवीत. पूर्वी मी सगळ्यांना सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी सांगायचो, अख्ख्या गावाला दिसायची. ती विमानांना अडते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पाडली. विमानांचं काय व्हायचं ते होवो, आमचा अनंत गेला! आता मोबाइलचा टॉवर बघ. रात्री चंद्र तर सगळ्यात सोपा.

कापलेल्या डोक्यांचं थोडक्यात. तू बघतेस ती खिडकी आणि भिंग यांच्या जागा वेगळ्या. लांबचं काढताना फरक पडत नाही, जवळ आलीस की पडतो. खिडकीत उजळ रेघांची चौकट दिसते ना? फोकस करताना ती हळूच खाली-उजवीकडं सरकते, नीट बघ. फोटो तिच्या आत असतो. खिडकीच्या कडेपर्यंत नसतो. ०.८ मीटरच्या आत हा कॅमेरा फोकसच करत नाही, तिथं हट्ट करू नकोस.

नारिंगी पट्टा म्हणजे झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज डांबरासारखा झालाय आणि उजेड आत येतोय. टूथपिक आणि स्पिरिटनं खरवडून काढ, खाचेत काळी लोकर बसव. तुमच्याकडं सूत ढिगानं असेल, ते वापरायचा मोह होईल. सुताची कुसं सुटतात आणि फिल्मवर जाऊन बसतात. लोकरच घे.

आता हा कॅमेरा तुला पुढं कुठं फसवणार तेही सांगून ठेवतो. खिडकीतून सगळं सदैव स्पष्ट दिसतं. फोकस चुकलेला असो, सेल मेलेला असो, भिंगावर झाकण असो, खिडकीत सोलापूर लख्खच दिसणार. माझं स्वतःचं सांगतो. स्टुडिओ नवा होता, हाच इलेक्ट्रो होता, आणि गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याची ऑर्डर मिळालेली. संमती कट्ट्यासमोर पहाटेपासून जागा धरून बसलो. सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या आल्या, अक्षता पडल्या, मी छत्तीस फोटो काढले आणि घरी येऊन रोल धुतला तर सगळा कोरा, काचेसारखा. भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं. उजेड मोजणारा डोळा भिंगाच्या बाहेर, कपाळावर असतो, त्यामुळं उजेड कमी-जास्त सांगणाऱ्या बाणांनीही काही तक्रार केली नाही. त्या माणसाचे पैसे परत केले, आणि पुढची दोन वर्षं त्यांच्या गल्लीतून गेलो नाही. तू झाकण घरीच ठेव. ५५ मिलिमीटरचा साधा काचेचा फिल्टर लावून टाक.

रोल घातल्यावर खटका ओढताना डावीकडची गुंडाळायची खुंटी उलटी फिरते का, तेही बघ. फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही आणि तू हवेचे फोटो काढतेयस.

गड्ड्यासाठी एक खास गोष्ट. नंदीध्वज धरणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत असतात. उजेड मोजणारा डोळा पांढरं बघून समजतो की उजेड फार आहे, आणि फोटो कमी उजेडाचा काढतो. बाराबंदी मळकट राखाडी आणि चेहरे काळवंडलेले, असले फोटो मी शेकड्यांनी बघितलेत. तुझ्या कॅमेऱ्यात उजेड कमी-जास्त करायची वेगळी चकती नाही, तर फिल्मच्या वेगाच्या चकतीलाच खोटं सांगायचं. चारशेचा रोल असेल तर दोनशे लाव. गर्दीतून बाहेर आलीस की परत चारशे, विसरू नकोस. काठीवर फोकस करायची वेळ आली तर मजा येईल. नंदीध्वजासारखी उभी सरळ रेघ म्हणजे रेंजफाइंडरला मेजवानीच. आणि जिथं फोकस करायला वेळच नाही तिथं अ‍ॅपर्चर ११, रिंग सहा मीटरवर, आणि डोळा फक्त चौकटीवर. तीन मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं.

चौकटीच्या बाहेरचंही तुला थोडं दिसतं हे ध्यानात घे. हातात नुसता चौकोन धरणाऱ्या मोबाइलवाल्याला डावीकडून येणारा माणूस आत शिरल्यावरच दिसतो. तुला तो आधी दिसेल. त्याची वाट बघता येते.

मामांच्या साच्याकडं जाशील तेव्हा चारशेचा रोल ने. ट्यूबलाइटखाली १.७ किंवा २ वर साधारण ६० वा हिस्सा मिळेल, अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र पिवळा बाण लागेल. लाल बाण म्हणजे उजेड जास्त, अ‍ॅपर्चर आवळ. पिवळा म्हणजे ३० व्या हिश्शाच्या खाली चाललो, हात सांभाळ. भिऊ नकोस. या कॅमेऱ्यात आरसा उडत नाही, त्यामुळं धक्का बसत नाही. खांबाला पाठ टेक, श्वास सोड, दाब. धोटा रेघेसारखा ओढला जाईल आणि माणूस जागच्या जागी राहील. ताण्यावर फोकस करायचा नाही हे आता तुला सांगायला नको. शटरचा आवाज त्या खडखडाटात तुलाही ऐकू येणार नाही, त्यामुळं मामांच्या शेजारच्या साच्यावरचे लोक पाच मिनिटांत तुला विसरतील. पहिली पाच मिनिटं मात्र कॅमेरा गळ्यातच राहू दे, आधी चहा पी.

प्रश्न : मी बार्शीचा, निवृत्त शिक्षक. मुलानं झोर्की-४ हा रशियन कॅमेरा वाढदिवसाला दिला. दोन दिवस चालला, मग वेगाची चकती फिरवताना काहीतरी अडकलं. आता चकती भलत्याच जागी थांबते. जोर लावू का?

उत्तर : गुरुजी, जोर मुळीच लावू नका. तुमचा झोर्की हा लायका २ च्या रशियन नकलांच्या घराण्यातला, आणि त्या घराण्याचा एक नियम आहे : आधी रोल सरकवायची घुंडी फिरवून शटर भरायचं, मगच वेग बदलायचा. न भरता चकती फिरवली की आतली खीळ चुकीच्या खाचेत बसते. बहुतेक तेच झालंय. घुंडी हलक्या हातानं पूर्ण फिरवून बघा. फिरली तर बटण दाबा, घुंडी पुन्हा फिरवा आणि मग वेगाची चकती उचलून फिरवा. पुष्कळदा सुटतं. घुंडीच अडत असेल तर तिथं थांबा आणि जाणत्याकडं पाठवा. याला सेल लागत नाही आणि उजेड मोजणारा डोळाही नाही, त्यामुळं वरच्या मुलीसारखं विजेचं दुखणं तुम्हाला कधी होणार नाही. उजेड तुम्हीच ठरवायचा. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ आणि फिल्मच्या वेगाच्या जवळचा हिस्सा, ढग आले की ८, सावलीत ५.६ किंवा ४. दहावीचे पेपर तपासलेल्या माणसाला हे अवघड नाही.

प्रश्न : घरी काळी-पांढरी फिल्म धुतो, अक्कलकोटला. उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट येतं. मागच्या मे महिन्यातले रोल डाग पडल्यासारखे आले. काय करू?

उत्तर : एचपी ५ फिल्मला डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात. पाणी तापलं की वेळ घटते, आणि पाच मिनिटांच्या खाली आलात की डाग आणि पट्टे येतात, कारण फिल्म सगळीकडं सारखी भिजायच्या आत काम उरकतं. दोन उपाय. एक, डी-७६ निम्म्यास निम्मं पाणी घालून वापरा, २० अंशांना अकरा मिनिटं होतात, म्हणजे पाणी दोन-तीन अंश चढलं तरी हातात वेळ राहतो. दोन, मोठ्या टबात पाणी भरून त्यात बर्फाची पिशवी टाका आणि सगळ्या बाटल्या, धुवायच्या पाण्याची बादलीसुद्धा, अर्धा तास त्यात बुडवून ठेवा. नुसता डेव्हलपर गार करून पुढं नळाच्या पाण्यात धुतलंत तर फिल्मला चटका बसतो. आमच्या वेळी उटीची इंदू फिल्म मिळायची. मे महिन्यात तिच्यापायी बर्फ आणायला मी सायकलवर गोणपाट टाकून जायचो आणि निम्मा रस्त्यातच वितळायचा. तुमच्या घरात फ्रीज असेल, आदल्या रात्री चार पिशव्या भरून ठेवा.